अंगाईतला दुसरा आवाज

सून : थांबा आई, एवढ्यात पुढच्या गाण्याकडे नको. ह्या अंगाईत दोन आवाज आहेत.

सासू : एकच आहे. मीच म्हटलीय ती. पुढचं घे.

सून : तुमचा आहेच. पण त्याच्याखाली अजून एक ट्रॅक आहे, कुणीतरी बंद करून ठेवलेला. हा बघा, करडा दिसतोय. चालू करून बघते.

सासू : नको गं. चार वाजता वन्सं येतील, अजून अकरा गाणी राहिलीत. आधीच हा ह्यांचा कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालतोय.

सून : म्हणून तर आजच सगळ्यांच्या एमपी थ्री करून ठेवतेय. बाबांचा हा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. आज जे बाहेर काढू, तेच उरणार. एक मिनिट... अगंबाई! आई, ह्या तर आत्या आहेत!

सासू : आवाज कमी कर.

सून : आत्याच की! आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर जी अंगाई आहे, तिच्यात तर फक्त तुम्ही आहात. बाबांचं व्हायोलिन आणि तुम्ही.

सासू : असेल काहीतरी बिघाड. मशीनच ते.

सून : बिघाडाने असं होत नाही. बाबांनी प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतलाय. आपण कसं, बाही वेगळी, गळा वेगळा, पाठ वेगळी कापून ठेवतो ना, तसं. एक्स्पोर्ट केलं की सगळं जोडून सदरा तयार होतो. पण जो ट्रॅक बंद असेल, तो जोडलाच जात नाही. तुकडा आत तसाच पडून राहतो.

सासू : मला शिवण शिकवू नकोस. चाळीस वर्षं मशीन चालवलंय मी.

सून : म्हणजे बाबांनी मुद्दाम आत्यांना वगळलं? बाबांनी? मला नाही पटत. थांबा, पाठवलेल्या फाईलवर तारीख असेल. ही बघा... अकरा तारीख, दुपारी तीन चाळीस. आई, अकराला बाबा दवाखान्यात होते. नऊलाच नेलं होतं त्यांना. मी ऑफिसात होते. घरात तुम्ही एकट्याच होतात.

सासू : दार लाव.

सून : घरात कुणी नाहीये, आई.

सासू : तरी लाव.

सून : लावलं. बोला.

सासू : ह्यांनीच सांगितलं होतं दवाखान्यातून. 'अंगाई तयार आहे, फक्त एक्स्पोर्ट कर आणि सगळ्यांना पाठव.' कागदावर लिहून दिलं होतं, आधी काय दाबायचं, मग काय दाबायचं. माझ्या चष्म्याचा नंबर माहीत, म्हणून मोठ्या मोठ्या अक्षरात. आवाज बंद करायचं बटण त्या कागदावर नव्हतं. ते मी माझं मीच शोधलं.

सून : पण का?

सासू : गाणं झालं त्या दिवशी हे हेडफोन लावून ऐकत बसले होते. डोळ्यांत पाणी. म्हणाले, 'हिचा अगदी आईसारखा आवाज लागलाय.' मी विचारलं, आणि माझा? तर म्हणाले, 'तुझंही छान झालंय.' तुझंही! सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं सहा वर्षं मी केलं. त्यांच्या उशाशी बसून ती अंगाई मी शिकले. वन्सं वर्षातून दोनदा पाहुण्यासारख्या यायच्या, आणि आवाज लागायचा तो त्यांना!

सून : आई, त्यांची आईच होती ती.

सासू : ते काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तरी दाबलं.

सून : बाबांनी ऐकलं नंतर?

सासू : बाराला सकाळी, माझ्याच फोनवर. म्हणाले, 'अगं, हिचा आवाज कुठाय?' म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, आलाच नाही. तर उलट मलाच धीर देतात. 'असू दे, पहिल्यांदाच केलंस तू. घरी आलो की नीट करतो.' आणि घरी काही आले नाहीत.

सून : पाच वर्षं तुम्ही हे कुणालाच...

सासू : कुणाला सांगणार? दर वेळी वन्संचा फोन आला की वाटायचं, आज सांगून टाकू. मग त्या माझे गुडघे कसे आहेत विचारायच्या, आणि मी गुडघ्यांचंच बोलत बसायचे.

सून : असं करूया. मी दोन्ही आवाज घालून नवी फाईल काढते. आत्यांना सांगू, आज सापडलं. खोटं नाही ते.

सासू : तसंच सांग. तूच दे त्यांना, मी आत चहाचं बघते.

सून : म्हणजे तुम्ही समोरही नाही येणार?

सासू : ह्या वयात मला तोंडघशी पाडू नकोस, बाई. हात जोडते.

(दाराची बेल वाजते. सून खोलीची कडी काढून जाते आणि नणंदेला आत घेऊन येते.)

नणंद : काय गं, सासू-सुना बंद खोलीत आणि भांडणाचा आवाज नाही? तब्येती बऱ्या आहेत ना दोघींच्या?

सून : या आत्या. त्या नको, ह्या खुर्चीत बसा. ती डगमगते.

नणंद : मीही डगमगतेच, जोडी जमेल. वहिनी, कुठे निघालात? चहा नंतर. हा पेनड्राइव्ह घ्या आधी. लेकाने दिलाय. म्हणाला, मामाची सगळी गाणी मावतील, वर जागाही उरेल.

सून : बेचाळीस आहेत, आत्या. आणि त्यातली अंगाई तर...

नणंद : एकेचाळीसच दे. अंगाई नको.

सून : का हो?

नणंद : होती माझ्याकडे. पुसून टाकली. अहो, तुमच्यावर काही नाही हं, वहिनी, तुम्ही छानच म्हटलीय. दादाचा कान तिखट, मला का माहीत नाही? लहानपणी माझा सूर सुटला की व्हायोलिनचा गज टाळक्यात बसायचा. नसेल आवडलं त्याला माझं. फक्त तोंडावर सांगायचं होतं. मी आपली फोन कानाला लावून बसलेय, आता माझी ओळ येईल, आता येईल... आणि गाणं संपलंसुद्धा.

सासू : त्यांनी नाही काढलं.

नणंद : जाऊ द्या हो. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं?

सासू : मी काढलं, वन्सं. ते दवाखान्यात होते. तुमचा आवाज मी बंद केला आणि मग सगळ्यांना पाठवलं. त्यांनी तर विचारलं, हिचा आवाज कुठाय म्हणून.

नणंद : कधी विचारलं?

सासू : बाराला. सकाळी.

नणंद : बाराला.

सून : आत्या, पाणी देऊ?

नणंद : तेराला सकाळच्या गाडीचं तिकीट होतं माझं. त्याला भेटायला येणार होते. बाराला दुपारी हे गाणं ऐकलं आणि तिकीट रद्द केलं. म्हटलं, बसू दे त्याला त्याच्या सुरात. राग उतरला की जाऊ दोन दिवसांनी.

सासू : तुम्ही तर म्हणाला होतात, गाडी मिळाली नाही.

नणंद : म्हणाले होते.

सून : आणि बाबा चौदाला पहाटेच...

नणंद : माहितेय गं मला, कधी ते.

सासू : मला हे ठाऊक नव्हतं. देवाशपथ सांगते वन्सं, मला वाटलं, एका गाण्यापुरतंच आहे. चार दिवस फुगून बसाल, मग विसराल. एवढंच वाटलं होतं मला.

नणंद : मलाही चार दिवसच वाटले होते.

सासू : काहीतरी बोला मला. चार शिव्या द्या.

नणंद : देईन हो. पण निम्म्या मलाच लागतील, म्हणून थांबलेय. सूनबाई, माझा आवाज आहे अजून त्यात?

सून : सगळा आहे. एक अक्षर गेलेलं नाही. हवं तर तुमचा एकटीचा काढून देते, नुसत्या व्हायोलिनबरोबर.

सासू : हो, तसंच कर. माझा बंद कर.

नणंद : काही नको. दादाने ठेवलं होतं तसं दे. तिघांचं.

सून : वेव्ह करू की एमपी थ्री? वेव्ह चांगली वाजते, पण जड असते.

नणंद : माझ्या ह्या म्हाताऱ्या फोनवर चालेल असं काहीतरी कर.

सून : मग एमपी थ्री. तिन्ही ट्रॅक चालू आहेत, तपासलंय. हं... झाली. पाठवली तुमच्या फोनवर. लावू का इथेच? मोठ्या स्पीकरवर छान ऐकू येईल. तिघी मिळून ऐकू.

नणंद : नको. घरी जाऊन ऐकेन.

सून : ऐका ना, आत्या. आईंनाही बरं वाटेल.

नणंद : इथे लावलं की वहिनी रडायला लागतील. मग मला त्यांची समजूत काढावी लागेल. आज मला ते जमणार नाही.