कन्सिडर करतो

हसा तुम्ही, पण ‘कन्सिडर’ हे क्रियापद मला डिक्शनरीने नाही, आमच्या बाबांनी शिकवलं. डिक्शनरीत अर्थ होता, विचार करणे. बाबा राजुऱ्याला एका ऑफिसात हेडक्लार्क. घरी काहीही मागा, साहेबाच्या थाटात म्हणायचे, “कन्सिडर करतो.” सायकल मागितली, ती कन्सिडर झाली, मी कॉलेज संपेपर्यंत पायीच गेले. हेमलकशाची सहल कन्सिडर होत होती, तोवर मैत्रिणी जाऊनही आल्या.

बी.ए. झाल्यावर मला भामरागडला शाळेत नोकरी लागली. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो, त्याआधी पोचायलाच हवं होतं.

“बाबा, जाऊ ना?”

“कन्सिडर करून राह्यलो ना बाई.”

आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला न विचारता चंद्रपूरचे पाहुणे बोलावले, मला बघायला. पोहे खाऊन मुलाचे मामा म्हणाले, “आम्हाले पोरगी पसंत आहे. पोरीचं काय म्हणणं?”

मी गोड हसून म्हटलं, “कन्सिडर करते.”

“बराबर आहे, विचार करूनच सांगावं,” मामा म्हणाले. सगळे खुशीत गेले. बाबांचा चहा मात्र बशीतच राहिला.

फाटक लागल्याबरोबर त्यांनी विचारलं, “काऊन वं, सरळ नाई म्हणून टाकलं त्यायले?”

“नाई कुठी म्हटलं? कन्सिडर करते म्हटलं.”

बाबांनी बशीतला गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, “भामरागडची बस किती वाजता आहे?”