कच्च्या छत्र्यांचं बियाणं

सन्माननीय अध्यक्ष एस्बेन, व्यासपीठावरचे बीजरक्षक मंडळाचे ज्येष्ठ सभासद, सकाळच्या बोटीने आलेले पाहुणे, आणि केकचा दुसरा तुकडाही संपवून बसलेल्या माझ्या साम्सोकरांनो,

बोदिलताईंना निरोप द्यायला आज आपण ग्रामसभागृहात जमलो आहोत. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या बेटाचं पिवळं गाजर बियाण्यासाठी राखलं. आता त्या लेकीकडे आरहूसला निघाल्या आहेत आणि तो वाफा माझ्या हाती आलाय. मी सारखी खिडकीबाहेर बघतेय, राग मानू नका. उद्या जोराचा पाऊस सांगितलाय, आणि गाजराच्या फुलांच्या छत्र्या अजून हिरवट आहेत.

मधली मोठी छत्री आधी पिकते, बाजूच्या मागून, हे इथं कुणाला सांगायला हवं का? बोदिलताई रोज सकाळी एकेक छत्री तळहातावर चोळायच्या. बी आपणहून सुटलं तरच कात्री. मी म्हणायचे, "ताई, ढग बघा की!" त्या म्हणायच्या, "ढग तू बघ. मी बी बघते."

तीन वर्षांपूर्वीचं बियाणं आठवतंय ना? साठ घरी पाकिटं गेली, आणि वसंतात वाफे मोकळेच. एस्बेन, तुम्ही तर महिनाभर मातीला पाणी घालत होतात! मग बोदिलताईंनी पत्रक काढलं, 'कापणीची घाई मी केली, चूक माझी.' त्यानंतर याच सभागृहात कुणीसं म्हणालं, "म्हातारीला आता जमत नाही." मी त्याच टेबलाशी बसले होते. खाली मान घालून कॉफी ढवळत राहिले.

मंडळी, त्या कापणीच्या आठवड्यात बोदिलताई मोतीबिंदूसाठी दवाखान्यात होत्या. वादळाची बातमी ऐकून माझं धाबं दणाणलं आणि मी सगळ्या छत्र्या हिरव्याच कापल्या. माळ्यावर वाळवल्या. गाजराचं कच्चं बीसुद्धा वाळलं की पिकल्यासारखं तपकिरी दिसतं. आत दाणा भरलेला नसतो, ते वरून कळत नाही. मला तर आपण वाचवलं म्हणून अभिमान वाटला होता.

वसंतात काहीच उगवलं नाही तेव्हा मी त्यांच्यापाशी रडले, तर म्हणाल्या, "गप गं. तू नवी आहेस. एकदा नावं ठेवली की ही माणसं तुला वाफ्याजवळ उभं करायची नाहीत." आणि मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

आता उरलीत ती जुन्या बरणीतल्या बियांची एकतीस झाडं. यंदा बी बिघडलं तर हे गाजर संपलं. मघाशी दारातच मी विचारलं, "ताई, कापू का?" तर म्हणतात, "मला निरोप देताय ना? मग मला कशाला विचारतेस?" खरं सांगते, रागच आला.

सकाळी मी छत्र्या चोळून पाहिल्या. बी सुटलं नाही. म्हणून कापणार नाही. वाफ्यावर प्लास्टिक ताणायचंय, आणि या वाऱ्यात ते एकटीचं काम नाही.

अध्यक्षांचे, केक करणाऱ्यांचे आणि बोदिलताईंचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. छत्र्यांना कात्री मात्र इतक्यात लावू नका. आणि एवढं ऐकूनही ज्यांना माझ्याबरोबर वाफ्यावर यावंसं वाटत असेल, त्यांनी...

अहो बोदिलताई, तुम्ही कुठे उठलात? बसा ना, समारंभ तुमचा आहे!