रिकामा रकाना

बाहेर सरकार पडलं, रस्त्यात टायर जळताहेत, म्हणून हातातला अर्ज अर्धा सोडायचा, ही कुठली रीत? जन्मनोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे एक तरणा बाप तसाच अडून उभा होता. शेजारी बायको, तिच्या कुशीत दहा दिवसांची पोर.

“अहो, हिचं नाव नंतर लिहिता येईल. पण देशाचा रकाना का सोडलात?” बायकोनं त्याला विचारलं.

“देश राहतोय का ते आधी बघू.”

“तोवर खिडकी बंद होईल.”

“होऊ दे. वर्षात तिसरं सरकार! लिहू तरी काय?”

“तुमच्या दाखल्यावर आहे तेच.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“आणि आतल्या बाई? बस बंद, तरी दोन तास चालत येऊन खिडकी उघडलीय त्यांनी.”

“नोकरी आहे त्यांची.”

“मग चार रात्री हिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताय, ती काय नोकरी?”

त्यानं पेनाला टोपण लावलं. मला मात्र राहवेना.

“अरे बाबा, मला सहीपलीकडे लिहिता येत नाही, पण ऐक. पोर चार रात्री किंचाळली, म्हणून बापाच्या रकान्यातलं तुझं नाव खोडलंस का? देशही सध्या किंचाळतोय. लिही, आणि पुढे सरक.”