कॉलेजजवळचा फ्लॅट

अगं, चहा राहू दे, आधी हे ऐक. हडपसरची माझी दोन खोल्यांची जागा विकायची आणि भाड्यानं द्यायला कॉलेजजवळ फ्लॅट घ्यायचा, असं आमच्या सुरेशनं ठरवलं. मी कुठं राहायचं ते कुणी बोलेना, आणि मला विचारायची भीती वाटे.

फ्लॅट बघायला मलाही नेलं. एजंट म्हणाला, "साहेब, कॉलेजची पोरंच ठेवा. अकरा महिन्यांनी जातात, नव्यांना भाडं वाढवून सांगता येतं. म्हातारी माणसं नकोत. एकदा आली की निघत नाहीत."

सुरेश हसला. तिथं एक कॉट होती, तिची कड घट्ट धरून बसले.

"आई, चल, निघू या."

म्हटलं, "ऐकलं नाहीस का? म्हातारी माणसं निघत नाहीत."