दंडावरची टिकली अन् प्रचाराचा चहा

...अन् वर मलाच इचारती, 'मामा, खरं सांगा, किती कप झाले?' आता तुमाला सांगतो, दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभा राह्यलेला माणूस कप मोजतो व्हय? चहाला नको म्हणायचं कसं!

इचारणारी माझी भाची, गंगासागर. अंबाजोगाईला राहती, डायबेटीसवर संशोधन करती. तिनं माझ्या दंडावर टिकलीएवढी पट्टी चिकटवली अन् हातात निळ्या उजेडाची बॅटरी दिली. 'मामा, ह्यात एन्झाइम आहे. अंगात साखर वाढली की निळ्या उजेडात ही तांबडी चमकणार. चमकली की गोड बंद! पायाची जखम भरत नाहीये, बोट काढायची पाळी येईल.' भ्यालो, लई भ्यालो! पण प्रचार सुरू झालता... चहाला नको म्हणायचं कसं!

त्यात दुष्काळ. असंल तेवढं दूध डेअरीला, घरात कोरा चहा. पण सभासदाला कारखान्याची साखर मिळती ना, ती पोत्यानं! दुधाची लाज झाकायला बाया साखर दुप्पट टाकत्यात. तीन घरं करून जानकीबाईकडं गेलो, कप तोंडाला लावला, बॅटरी मारली... पट्टी लालभडक! मला घाम फुटला, अन् ती म्हणती, 'अगं बया! आमच्या चहानं अण्णा उजळले की!'

झालं, गावभर बोभाटा! विमलबाई सुनेला वरडती, 'अजून दोन चमचे टाक गं, जानकीबाईपेक्षा जास्त चमकलं पायजे!' आश्रुबा दारातच दंड धरतो, 'दाव बे सुंदरराव, आमचा नंबर कितवा?' सांगा, ह्या माणसांना चहाला नको म्हणायचं कसं!

शेवटी भिवराबाईची वस्ती. भावकी धरून आठ मतं. पट्टीच्या भ्यानं गाडी सोडून दोन कोस पायी गेलो, तर चालून चालून साखर उतरली! तिचा चहा पिलो, लगेच बॅटरी मारली... काईच न्हाई. आवो, चहा अंगात भिनायला येळ लागतो! पण ऐकतंय कोण? 'अन् आमच्यातच कावून चमकंना? म्हंजे आमी साखरंला म्हाग हाव म्हणा की!' म्हणली अन् कपबशी उचलून आत गेली.

आठच्या आठ मतं गेली. मी सात मतांनी पडलो. वाईट वाटलं हो, लई वाटलं.

परवा भाची आली. पाय बघितला अन् हरखलीच. 'मामा, महिनाभर पट्टी चमकली नाही म्हणता! जखम भरली, बोट वाचलं! कसं जमवलंत?'

काय सांगू तिला? पडलेल्या माणसाला चहा इचारतंय कोण!