साहेबाच्या बोटीची खुंटी

डहाणूहून झाईला निघालेल्या एसटीत निलमताईंनी पेपर उघडला खरा, पण मागच्या सीटवर एक दीर-भावजय येऊन बसले आणि वाचन तिथंच संपलं.

"वहिनी, ही पितळी खुंटी मी मुलीच्या बापासमोर ठेवणार. सांगणार, जिग्नेशच्या आजोबांनी साहेबाची शिडाची बोट वादळातून किनाऱ्याला आणली, म्हणून बोटीची ही दोर बांधायची खुंटी साहेबानं बक्षीस दिली."

"बक्षीस कसलं, भावजी! मामंजींना बोट लागली होती. ओकता ओकता त्यांनी खुंटी अशी धरली, की स्क्रूसकट उपटून हातात आली. साहेब म्हणाला, घेऊन जा, पण परत बोटीवर चढू नको."

"हे कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. जाताना."

"जाताना हेच सांगितलं?"

"दुसरं काय होतं सांगण्यासारखं?"

"तिथं गप्प बसा. त्या माणसाच्या दोन बोटी आहेत. त्याला दर्यावरचं घराणं पाहिजे, आणि आपला जिग्नेश मोबाइलच्या दुकानात बसतो."

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. आवाज इतका मोठा, की पलीकडची मुलगी निलमताईंनाही ऐकू आली.

"काका, हेमाली बोलते. बाबांना सांगू नका, पण मुलगा समुद्रावर जात असेल तर माझा नकार आहे. आईसारखं किनाऱ्यावर वाट बघत बसणं मला नाही जमणार."

"समुद्रावर? पोरी, आमच्या तीन पिढ्यांना बोट लागते! पुरावा घेऊन येतोय."

फोन बंद झाला.

"आणि बापाला काय सांगणार, भावजी?"

"बापाला वादळ. ओकारीचं तुम्ही आत जाऊन मुलीला सांगा."

"आपलं पितळ उघडं पडेल हो."

"पडू दे. अक्षता पडल्यावर पडू दे."