आम्ही साहेबाची वाट बघत बसलो

माझा जन्म अंबरनाथचा, वेस्टला, चाळीत. बाप जालन्याकडचा, तो आला अन् काडेपेटीच्या कारखान्यात लागला, तिथंच म्हातारा झाला. मी शाळेत गेलो तिसरीपर्यंत. मास्तर मारायचा म्हणून सोडली असं मी लोकांना सांगतो, पण खरं सांगू का तुम्हाला, मला डोकंच नव्हतं. मग उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात लागलो, इस्त्रीवर. जन्मभर दुसऱ्यांच्या प्यांटी सरळ केल्या. शेठ सिंधी, शिव्या द्यायचा पण दिवाळीला मिठाई न चुकता द्यायचा. शांता, म्हणजे माझी मंडळी, घरी बसून त्याच प्यांटींचे लोंबते धागे कापायची. बसल्या जागी दिवसभर कात्री. मूलबाळ नाय झालं. झालं असतं तर काय, त्याला पण खोली लागली असती.

खोली भाड्याची, तिथंच उल्हासनगरला. तीन मजल्याची बिल्डिंग, पावसात भिंती घाम गाळायच्या. एक दिवस वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यांच्या किचनमध्ये आला. कोणी मेलं नाय, म्हणून कोणाला काय पडलं नाय. दुसऱ्या दिवशी पालिकेनं नोटीस चिकटवली, धोकादायक, खाली करा. लाईट कापली, पाणी कापलं. ज्यांची मालकीची घरं ते कागद घेऊन भांडायला गेले. आम्ही भाडोत्री, आमचं नाव कशावरच नाय, आम्ही कोणाशी भांडणार? पुढच्या गल्लीत एक बंद दवाखाना आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. बोललो शांताला, दोन दिवस. त्या दोन दिवसांचं दीड वर्ष झालं, काय सांगू तुम्हाला.

पण ती बाई ओट्यावर पण घर करायची हो. उजाडायच्या आत उठणार, नळावरून पाणी आणणार, ओटा धुणार, अंथरूण बांधून समोरच्या किराणावाल्या भाभीकडं ठेवणार. भाभी बोलायची, अरी शांता, तुझा ओटा माझ्या दुकानापेक्षा साफ आहे. दिवसा कोणी बघितलं तर वाटावं की दोन म्हातारी कुठं लग्नाला निघालीत, रिक्षाची वाट बघतात. मला बोलायची, रस्त्यावर आहोत म्हणून रस्त्यासारखं दिसायचं नाय.

मग ते अनुदानाचं निघालं. आता हे मला अजून समजलेलं नाय, तुम्हाला समजलं असेल तर सांगा. मीराताई म्हणून आहेत, बचतगटाच्या, आमच्याच समाजाच्या, त्यांनी बुद्धविहारात सगळ्यांना बसवून सांगितलं की ज्यांना घर नाय त्यांच्यासाठी सरकार निवारा काढायला पैसा देतं, पण सरकार स्वतः नाय चालवत, वस्तीतल्या लोकांनी चालवायचा. मी विचारलं, मग सरकार काय करतं? बोलल्या, काका, सरकार मोजतं. आधी मोजणार किती लोक उघड्यावर झोपतात, मग तेवढ्यांना जागा. ज्याचं नाव यादीत त्यालाच खाट. मंगळवारी सकाळी साहेब येणार मोजायला, तुम्ही दोघं ओट्यावरच राहा, हलू नका.

साहेब येणार म्हटल्यावर शांता कामाला लागली. आमच्यात विहारात जायचं, कोणी मोठा माणूस यायचा, तर पांढरे कपडे. तिनं पेटीतली पांढरी साडी काढली, माझा सदरा काढला. मला बोलली, जन्मभर इस्त्री केली, आता एकदा घरची करा. मी शेठकडं गेलो, दोन्ही कपड्यांना अशी कडक प्रेस मारून आणली की साडी उभी राहील. मंगळवारी ती पहाटे उठली, ओटा दोनदा धुतला, अंथरूण, तवा, डबे, सगळं भाभीकडं नेऊन टाकलं. एक फडकं नाय ठेवलं. माझी दाढी करून घेतली. अन् बसलो दोघं, पाठ भिंतीला न टेकता, सदऱ्याला चुना लागेल म्हणून.

सहा-साडेसहाला एक पोरगी आली. खांद्याला सॅक, पायात साधी चप्पल, हातात मोबाईल. विचारते कशी, आजी, या ओट्यावर कोण झोपतं? शांता बोलली, तुला काय करायचंय? पोरगी बोलली, नाय, नावं लिहायचीत. शांता बोलली, बाई बाजूला हो जरा, आत्ता साहेब यायचेत, आम्ही त्यांच्यासाठी बसलोय. पोरीनं आमच्याकडं बघितलं, खाली बघितलं, ओटा धुतलेला, चिंधी नाय कुठं. सॉरी बोलली अन् गेली पुढं.

आम्ही साहेबाची वाट बघत बसलो. दहा वाजले, बारा वाजले, चहा नाय घेतला, उगाच साडीवर सांडेल. दुपारी मीराताई आल्या, काका लिहिलं ना नाव? मी बोललो, अजून साहेबच नाय आले. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो, ती पोरगीच साहेब होती. मी बोललो, साहेब असा असतो होय? गाडी नाय, शिपाई नाय. शांतानं तिथंच बसून पदराची घडी घातली. मीराताई दोनदा ऑफिसला जाऊन आल्या. तिकडून उत्तर, यादी वर गेली, आता पुढच्या वेळी.

पुढच्या वेळेपर्यंत ती नाय थांबली. थंडीत छातीत कफ धरला, ओट्यावर फरशी गार, कितीपण गोधड्या टाका. सरकारी दवाखान्यात नेली तर चौथ्या दिवशी गेली. जाताना पण मला बोलली, नखं कापा, वाढलीत.

मग मी कायपण नाय केलं. ओटा कोण धुणार? अंथरूण पडलं तिथं पडलं, दाढी वाढली, भाभी चहा आणून ठेवायची तो गार व्हायचा. अशात एक दिवस कोणी खांद्याला हात लावला, डोळे उघडतो तर तीच पोरगी. मला एक शब्द नाय विचारला की इथं कोण झोपतं. नाव विचारलं फक्त, मोबाईलवर टाकलं, फोटो काढला. महिन्याभरात मला खाट.

आता मला सांगा. तोच ओटा, तोच मी. ती होती तेव्हा मी बेघर नव्हतो, ती गेली तर झालो. पोरीचं चुकलं का? मला नाय वाटत. मी पण आम्हाला बघितलं असतं तर पुढंच गेलो असतो.

आता निवाऱ्यात आहे. पालिकेच्या जुन्या शाळेत केलाय, पंखा आहे, संडास आहे, मीराताईंचा गट जेवण बघतो, भात कधी कच्चा असतो पण असतो. अन् गंमत बघा, परवा मीराताई सगळ्यांना सांगत होत्या, उद्या तपासणीला येणारेत, अनुदान चालू ठेवायचं का बंद ते बघणार, सगळ्यांनी अंघोळी करा, दाढी करा, नीट दिसा. मी बोललो, ताई, मी नाय करणार. नीट दिसलो तर काढतील बाहेर. सगळे हसले. मी हसवायला नव्हतो बोललो. मीराताईंनी माझा हात धरला अन् बोलल्या, काका, आता आत आहात, आता नीट दिसायचं. मी बोललो, असं कसं, बाहेर घाण पाहिजे अन् आत साफ पाहिजे, हे कोणी ठरवलं? पण केली दाढी. तपासणीवाले आले, चांगलं बोलून गेले.

एक गोष्ट मी कोणाला बोललो नाय, तुम्हाला सांगतो. मी रोज डोक्यात धरून बसायचो की त्या मंगळवारी मी तोंड उघडलं असतं, पोरीला बोललो असतो, बाई, आम्हीच झोपतो, तर शांता या छपराखाली असती, जगली असती. मग इथं आल्यावर बघितलं, पुरुषांचा हॉल खाली, बायकांचा वर, जिन्याला जाळीचं दार, रात्री कुलूप. नवरा-बायको असले तरी वेगळे, नियमच आहे. आमचं लग्न झाल्यापासून ती माझ्याशिवाय एक रात्र झोपली नाय, माहेरी पण मला घेऊन जायची. तिनं ते दार बघितलं असतं अन् बोलली असती, चला, आपला ओटा बरा. मी पण गेलो असतो तिच्या मागं.

मग ती कशानं गेली, माझ्या गप्प बसण्यानं का कशानं, मला ठरवता येत नाय. मीराताईंचं भलं होवो, त्या पोरीचं पण भलं होवो, सकाळी सकाळी चालत फिरते बिचारी. जेवणाची घंटा झाली वाटतं. तुमचं लिहून झालं असेल तर निघतो, उशीर केला की भात संपतो.